शेतावर ठेवलेला कुत्रा

सोळा एप्रिल. बोअरची मोटर जळाली होती आणि ती वर काढायचं काम सुरू होतं. मी पार्किंगमध्ये उभी होते, कारण उभं राहिलं नाही तर माणसं पाइप वाटेल तिथे टाकतात, मग कुणाच्या तरी गाडीला ओरखडा पडतो आणि त्यावर आठवडाभर भांडण चालतं. आमच्या इमारतीत पाण्याच्या सगळ्या भानगडी माझ्याकडे आहेत. जमीन तुमची होती, बोअर तुमच्या सासऱ्यांनी घेतलेलं, तेव्हा तुम्हीच बघा, असा बाकीच्यांचा सोयीचा न्याय.

अर्धे पाइप वर आले असताना फाटकातून भाच्याची गाडी आत आली. भाचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. हिंजवडीत नोकरी, तिथेच उंच इमारतीत फ्लॅट. धायरीला तो दिवाळीतसुद्धा येत नाही, फोन करतो. म्हणून गाडी बघितल्यावर मला वाटलं, दादाचंच काहीतरी झालं. दादा मार्चमध्ये शनिवार पेठेतल्या घराच्या जिन्यावरून पडला होता. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दवाखान्यातून भाच्यानं त्याला आपल्याकडे नेलं होतं. पेठेतल्या घराला लिफ्ट नाही.

"बाबा ठीक आहेत," भाचा उतरता उतरताच म्हणाला. "वॉकर घेऊन चालतात. आत्या, जरा काम होतं."

त्यानं मागचं दार उघडलं. सीटवर जुनी चादर अंथरून दादाचा कुत्रा ठेवला होता. पिवळसर लॅब्रॅडॉर, तोंड पांढरं झालेलं. त्याला उतरता येईना. भाचा आणि पाइपवाला, दोघांनी मिळून त्याला खाली घेतलं. भाच्याची बायको पुढच्या सीटवरून उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, "आत्या, कशा आहात? छोटा मांडीवर झोपलाय, म्हणून."

"पेठेतले शेजारी तरी किती दिवस बघणार याला? थोडे दिवस ठेवशील?" भाचा म्हणाला.

"थोडे म्हणजे किती?"

"बघू ना. बाबांना मी सांगितलंय, शेतावर ठेवलाय म्हणून."

"कुठल्या शेतावर?"

"तुमच्याच."

मी हातानं दाखवलं. "ही ए विंग. ती बी विंग. शेत कुठे दिसलं तर मलाही सांग."

"अगं आत्या, म्हणायची पद्धत असते." मग आवाज खाली करून म्हणाला, "आणि बाबांशी तू त्याचा विषय काढू नकोस. त्यांना त्रास होतो."

पद्धत असते हे खरं होतं. मी लग्न होऊन धायरीत आले तेव्हा इथे शेत होतं. ज्वारी, कांदा, विहीर, गोठा. पेठेतल्या माझ्या माहेरच्या लोकांना त्या शेताचा माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. घरात नको झालेलं सगळं शेतावर यायला लागलं. दार न लागणारं कपाट, पाय मोडलेला झोपाळा, मांजरीची पिल्लं, आणि कुत्री. "तिथे मोकळा राहील हो," असं म्हणून आणून सोडायचे. सासरे बांधावर उभे राहून विचारायचे, "आलं का पेठेतनं पार्सल? ह्याला काय काय खायला लागतंय, तेबी सांगून जावा म्हणावं." ते कुत्र्यांचे लाड करत नसत. भाकरी टाकायचे, पिकात शिरलं तर ढेकूळही मारायचे. आलेल्यांपैकी एक पळून गेलं, एक सिंहगड रस्त्यावर ट्रकखाली गेलं, एकाला साप चावला. एक मात्र पुष्कळ जगलं आणि गोठ्यातच मेलं. त्यांची चौकशी करायला पेठेतून कुणी आलं नाही. शेतावर दिला म्हणजे विषय संपला.

पुढे जमीन बिल्डरला दिली, विहीर बुजली, आम्हाला फ्लॅट मिळाले. तरी अजून अधूनमधून फोन येतो. "तुमच्याकडे शेत आहे ना? आमच्या ओळखीत एक जर्मन शेफर्ड आहे." मी सांगते, आहे, चौथ्या मजल्यावर, गॅलरीसकट.

हा कुत्रा मुळात भाच्याचाच. नोकरी लागली तेव्हा त्यानं होणाऱ्या बायकोला वाढदिवसाला पिलू दिलं होतं, टोपलीत, गळ्यात रिबन बांधून. नाव इंग्रजी ठेवलं. पहिल्या वाढदिवसाला त्याला केक होता आणि आम्हाला बोलावणं होतं. मी गेले होते. कुत्र्याच्या डोक्यावर कागदाची टोपी होती आणि ती काढून टाकायची त्याची धडपड चालली होती. सगळे फोटो काढत होते. मग त्या दोघांना पहिला मुलगा झाला. मुलाला शिंका यायला लागल्या, डॉक्टरांनी केसांची अ‍ॅलर्जी सांगितली, आणि कुत्रा पेठेत दादाकडे आला. वहिनी तेव्हा नुकतीच गेली होती. "तुम्हालाही सोबत होईल," असं भाचा म्हणाला. दादा आयुष्यभर बँकेत कारकून. कुत्र्याला हात लावून हात धुणारा माणूस. पण त्यानं सांभाळला. रोज सकाळी नदीकडे फिरवून आणायचा, रविवारी आंघोळ घालायचा. जिन्यावरून पडला तेव्हा पट्टा त्याच्या हातातच होता.

कुणी दुष्ट नव्हतं यात. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत वाचणारा दुष्ट माणूस शोधतो. आमच्या इमारतीच्या ग्रुपवरही दर थोड्या दिवसांनी मेसेज येतो, बदली झाली आहे, प्रेमळ घर हवे. खाली लाल बदाम. ज्यांच्याकडे प्रेमळ घर असतं त्यांना पिलू हवं असतं, म्हातारं कुत्रं नको असतं. ज्या बाई परवापर्यंत लिफ्टमध्ये "मी याची मम्मा" म्हणून सांगत होत्या, त्याच तो मेसेज टाकतात. मी वाचते आणि पुढे जाते. पाण्याचे मेसेज खाली राहिलेले असतात.

तर कुत्रा आमच्या गॅलरीत राहिला. आमचे हे संध्याकाळी दुकानातून आले आणि दारातच थांबले.

"हे काय आन् आता?"

"दादाचा कुत्रा. थोडे दिवस."

"थोडे म्हंजी?"

"मीही तेच विचारलं."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "उठंना का?"

उठत नव्हता. पहिले काही दिवस भिंतीला टेकून उभा राहायचा, चार पावलं टाकायचा आणि मागचे पाय एकमेकांत अडकून बसायचा. नंतर उभं राहणंही बंद झालं. मी गोणपाट, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुन्या साडीची घडी, असं करून ठेवलं होतं. सकाळी काढायचं, धुवायचं, दुसरं घालायचं. आडव्या पडलेल्या माणसाचं करतात तसंच. सासूबाईंचं मी केलं होतं, त्यामुळे हाताला सवय होती. डोक्यात दुसरे विचार ठेवून ते होतं. कुशीला फोड आले तेव्हा कूस बदलायला सुरुवात केली. खायला दिलं तर थोडं खायचा, बाकीचा वेळ दाराकडे तोंड करून पडायचा. कुठल्या दाराकडे याचा त्याला फरक पडत नसावा. बाथरूमच्या दाराकडेही तसाच बघायचा.

पहाटे मात्र रडायचा. समोरच्या फ्लॅटमधले काका जिन्यात भेटले. "आपल्याकडे पाहुणे आलेत वाटतं? आवाज छान आहे. रियाज पहाटेचाच असतो का?"

"गुडघे दुखतात त्याचे," मी म्हटलं. "तुमचेही दुखतात ना?"

"आम्ही गात नाही."

"ते तुमच्या मिसेसना विचारावं लागेल," मी म्हटलं आणि खाली गेले.

दादाचा फोन मधूनमधून यायचा. बोअरचं काय झालं, पाणी किती लागलं, यांचं ब्लडप्रेशर, आंबे आले का. कुत्र्याबद्दल एक शब्द नाही. मला त्याचा राग यायचा. इतकी वर्षं सांभाळला आणि साधं विचारवतही नाही? मग मी स्वतःला सांगायचे, माणूस आजारी आहे, भाच्यानं विषय काढू नको म्हटलंय, तर आपण कशाला. मीही काढला नाही. आम्ही दोघं आंब्यांबद्दल बोलायचो.

मे महिन्यात कुत्र्यानं खाणं सोडलं. यांच्या टेंपोत घालून त्याला डॉक्टरांकडे नेला. जनावरांची डॉक्टर, तरुण मुलगी, बोलायला स्पष्ट. तिनं त्याचा मणका दाबून पाहिला, रक्त तपासायला घेतलं, दुसऱ्या दिवशी फोन केला.

"पाय परत येणार नाहीत. किडन्याही गेल्यात. औषधं देऊन थोडं लांबवता येईल, पण त्याला दुखतंय. माझं मत विचाराल तर झोपवावं."

"म्हणजे मारायचं."

"हो," ती म्हणाली. "मी घरी येऊन करते. पण मालकांनी सांगायला हवं. मालक तुम्हीच ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. विकत घेतला भाच्यानं. सांभाळला दादानं. घाण मी काढत होते. मी म्हटलं, विचारून सांगते.

भाच्याला फोन केला. "आत्या, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग बाहेर ये."

तो बाहेर आला. मी सांगितलं. तो म्हणाला, "करून टाक. डॉक्टर म्हणतेय तर बरोबरच असेल. फक्त बाबांना नको सांगू. शेतावर आहे म्हणून ते निवांत आहेत."

"निवांत आहे असं तो म्हणाला?"

"काहीच म्हणत नाहीत. म्हणजे ठीकच ना?"

मी फोन ठेवला आणि पोळ्या केल्या. पोळ्या करताना ठरवलं की दादाला सांगायचं. यात तत्त्वाचा काही प्रश्न नव्हता. कुत्रा मेल्यावर तो शेतावर जिवंत आहे असं मला अजून किती वर्षं सांभाळायला लागलं असतं, याचा मी विचार केला. मेलेल्या कुत्र्याचं खाणंपिणं, तब्येत, सगळं तोंडानं चालवायचं. ते मला जमणारं नव्हतं. शिवाय तो कुत्रा दादाचा होता. त्याला शेवटचं बघायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं.

दादानं फोन उचलला. आंबे सुरू करायच्या आत मी म्हटलं, "दादा, कुत्र्याबद्दल बोलायचंय."



"डॉक्टर म्हणते, त्याला आता झोपवावं. तू येऊन बघणार आहेस का?"

"कोणाला?"

"अरे, तुझ्या कुत्र्याला. तो काही खात नाहीये."

तिकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, "अगं, तो आहे?"

"आहे म्हणजे? माझ्या गॅलरीत आहे. सोळा एप्रिलपासून आहे."

"हा म्हणाला शेतावर ठेवलाय."

"हो. म्हणजे माझ्याकडे."

"तुमचं शेत कुठाय आता? जमीन दिलीत तेव्हाचे पेढे पेठेत मी वाटले." त्याचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, शेतावर म्हणजे… आपले बाबा नाही का म्हणाले होते? आपला तो काळा कुत्रा. शेतावर दिला."

तेव्हा मला आठवलं. आम्ही लहान असताना पेठेतल्या घरी एक काळा कुत्रा होता. त्याला खरूज झाली. एक दिवस शाळेतून आलो तर नव्हता. वडील म्हणाले, शेतावर दिला, मोकळा राहील. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं शेत नव्हतं. दादा मोठा होता, त्याला त्याच दिवशी कळलं. मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आणि मग मी शेत असलेल्या घरात आले आणि विसरून गेले. माझ्यासाठी शेत म्हणजे शेतच झालं. दादासाठी तो शब्द तिथेच राहिला होता.

"तुला वाटलं त्यानं त्याला मारलं?"

"काय करणार होता बिचारा? घरात लहान मूल. माझी ही अशी अवस्था. त्याला सांगता येईना, म्हणून शेतावर म्हणाला. मी म्हटलं, बरं केलंस."

म्हणजे अर्धा एप्रिल आणि अर्धा मे दादा अठराव्या मजल्यावर बसून मेलेल्या कुत्र्याबद्दल गप्प होता, मुलाला ओशाळं वाटू नये म्हणून. आणि मुलगा समजत होता, बाबा निवांत आहेत. आणि मी दादाला मनात नावं ठेवत होते. आता त्याला तो जिवंत आहे हे मी सांगितलं होतं, आणि त्याच दमात, मारायचा आहे हेही.

"कधी येऊ?" दादानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन हिंजवडीला गेले. भाचा ऑफिसात होता. सून म्हणाली, "असं अचानक? आज त्यांची फिजिओथेरपी आहे." हे म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या." एवढंच बोलून ते दादाला घेऊन आले.

दादा वॉकर घेऊन गॅलरीच्या दारात उभा राहिला. कुत्र्यानं मान उचलली. शेपूट जमिनीवर एक-दोनदा आपटलं. उठायचा प्रयत्न केला, ते झालं नाही. दादाला खाली वाकायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. याला वाकता येईना, त्याला उठता येईना. दोघं तसेच एकमेकांकडे बघत राहिले. ते बघत बसण्यात अर्थ नव्हता. मी यांना हाक मारली. आम्ही दोघांनी कुत्र्याला साडीच्या घडीसकट उचललं आणि दिवाणावरच्या गोधडीवर ठेवलं. गोधडी खराब झाली तर धुता येते. दादाला शेजारी खुर्ची दिली.

दादानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुढचा पंजा हातात घेऊन पाहिला आणि मला म्हणाला, "नखं किती वाढलीत. काढली नाहीस?"

"चालत नव्हता. घासली गेली नाहीत."

"नेलकटर आण. मोठं."

मी आणून दिलं. त्यानं चारी पायांची नखं काढली, सावकाश, एकेक बोट दाबून. कुत्रा पडून होता. पेठेत दर महिन्याला हे चालत असावं, कारण एक पंजा झाला की दुसरा तो जरासा पुढे करायचा. मागचे पाय त्याला पुढे करता आले नाहीत, ते दादानं उचलून घेतले. नखं कागदात गोळा केली आणि कागद माझ्याकडे दिला. मी केराच्या डब्यात टाकला.

"बोलव तुझ्या डॉक्टरला," तो म्हणाला.

ती संध्याकाळी आली. दोन इंजेक्शनं दिली. वेळ लागला नाही. दादाचा हात त्याच्या कानामागे होता, तो त्यानं नंतरही काढला नाही. डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावून पाहिलं आणि मान हलवली. मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी गॅलरीतलं प्लास्टिक कुठे वाळत घालावं याचा विचार करत होते.

हे खाली जाऊन, इमारतीभोवती एक फेरी मारून वर आले. सगळीकडे फरशीचे ब्लॉक बसवलेले आहेत आणि झाडं कुंड्यांत आहेत. "आपल्या जमिनीत कुत्रं पुरायला हातभर माती न्हाई," ते म्हणाले. डॉक्टरनं फोन करून महापालिकेची गाडी मागवली. दोन माणसं आली, त्याला चादरीत गुंडाळून लिफ्टनं खाली घेऊन गेली. समोरचे काका दारात उभे होते. त्यांनी लिफ्टचं दार धरलं.

भाचा आला तेव्हा गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. दादासमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, तुम्हाला असं वाटलं की मी…?"

"वाटलं," दादा म्हणाला.

"मग विचारलं का नाहीत?"

"तू शेतावर म्हणालास. मी आणखी काय विचारणार?" मग म्हणाला, "तू वाईट केलंस असं वाटलं नव्हतं मला. जेवलास का?"

भाचा रडायला लागला. मी त्याला ताट वाढलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, चला बाबा. दादा म्हणाला, आज इथेच राहतो. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, औषधं तेवढी उद्या पाठव.

सकाळी मी उठले तर दादा आधीच उठून, चपला घालून, वॉकर धरून दाराशी उभा होता. या वेळेला तो पेठेत नदीकडे निघायचा. मी दूध तापवायला ठेवलं होतं, ते बंद केलं. पायात चपला सरकवल्या आणि त्याला लिफ्टनं खाली आणलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. जाताना तो प्रत्येक विजेच्या खांबाशी थांबत होता. दम लागत असेल. मीही थांबत होते. टोकाला पोचल्यावर त्यानं विचारलं, "मागे वळायचं?" मी म्हटलं, वळू. मग आम्ही तसेच थांबत थांबत परत आलो आणि मी दूध पुन्हा गॅसवर ठेवलं.